३१ जून

माझ्या सेवापुस्तकात लाल शाईचा एकच शेरा आहे:
'दोषारोपाच्या प्रतींत अस्तित्वात नसलेली तारीख लिहिली.
निष्काळजी. एक वेतनवाढ रोखली.'

यावल कोर्ट, सन त्र्याऐंशी.
टाइपरायटरच्या 'र'चा पाय मोडका,
दोन कार्बन, तीन प्रती.
आरोपी एक, रमजान तडवी, राहणार वड्री.
आरोपी दोन, सुपडू फेगडे,
सावद्याच्या धक्क्यावर केळीच्या वॅगन भरणारा.
ठिकाण केळीची बाग, पाटाच्या अंगाला.
खबर निनावी अर्जावरून.
'निसर्गक्रमाच्या विरुद्ध'
हे तीन प्रतींत उमटवताना
खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत केळीच होती.
तिला बी नसतं. ना नर लागतो, ना लग्न,
बुडातून मुनवा फुटतो आणि बाग पुढे चालते.
त्या हिशेबाने सगळा तालुका पिंजऱ्यात उभा करावा लागला असता.
पण हे मला आत्ता सुचतंय.
तेव्हा मी ऱ्हस्वदीर्घ पाहत होतो.

भिरूड वकिलीणबाईंनी सांगितलं पुढे, चहा पिता पिता,
मी निवृत्तीला आलो तेव्हा:
काका, हे कलम आपलं नाहीच.
विलायतेत पंधराशे तेहेतीस साली एका राजानं
चर्चच्या हातातलं पाप काढून
सरकारी खात्यात जमा केलं, आणि शिक्षा ठेवली फाशी.
तिथले कारकून म्हणे गुन्ह्याचं नावच टाळायचे,
'ख्रिस्ती माणसांत ज्याचा उच्चार करू नये' एवढंच लिहायचे.
त्याच्याही शंभर वर्षं आधी फ्लोरेन्सला
रात्रीचे खास अधिकारी नेमलेले,
देवळात पेट्या लावलेल्या,
कोणीही चिठ्ठी टाकावी, सही नको.

मला तो अर्ज आठवला. पोस्टकार्डावरचा. वळणदार.
पेटीला भूगोल नसतो.

हॉलंडात सतराशे तीस साली धरपकड सुटली,
कोणाकोणाचं प्रेत वजन बांधून समुद्रात टाकलं.
आणि फ्रान्सात
माणसाबरोबर त्याची फाइलही जाळत.

या फाइलपाशी मी अडलो.
बाई पुढे बोलत राहिल्या, कलकत्ता, अठराशे साठ.
मी त्या कारकुनाचा विचार करत होतो
ज्यानं रात्रभर जागून सुवाच्य लिहिलं
आणि सकाळी चौकात आपलं अक्षर जळताना पाहिलं.
घरी जाऊन जेवला असेल का तो?
मी जेवलो होतो. भरीत होतं.

सुपडूच्या डाव्या मनगटावर विंचू गोंदलेला होता.
मला कसं माहीत, ते सांगणार नाही.
हा जबाब नाही.

तीस लिहायचं होतं, एकतीस पडलं.
चुकलो की चुकवलं,
साहेबांनी विचारलं, पुढे बायकोनं विचारलं,
मीही विचारून पाहिलं.
बोट एकाच्या कळीवर गेलं एवढं खरं.
कागद फौजदाराकडे परत गेला, दोन महिने रेंगाळला.
तेवढ्यात रमजान सातपुड्यात पालच्या वर कुठेतरी शिरला,
आणि सुपडू केळीच्याच वॅगनीत बसून दिल्लीकडे.
सुटले असं म्हणवत नाही.
सुपडूची आई वारली तेव्हा
खांदा द्यायला शेजारचा पोरगा आला होता.

अठरा सालच्या सप्टेंबरात निकाल लागला.
शेवभाजीच्या हॉटेलात टीव्हीवर पट्टी धावली,
गल्ल्यावरचा पोरगा मॅच लावा म्हणाला, लावली.
मी बोटांना लागलेला रस्सा पुसत बसलो.
फाइल तर कधीच नष्ट झालेली, मुदत संपली म्हणून,
कोणी जाळायची गरजच पडली नाही.
उरलंय माझं सेवापुस्तक,
आणि त्यातला तो एक दिवस
जो कुठल्याच कालनिर्णयात नाही,
ज्या दिवशी पाटाला पाणी सुटलेलं आहे,
पानांखाली दोन माणसं आहेत,
आणि त्या तारखेला कुठलाच कायदा लागू होत नाही.

वेतनवाढ आठ रुपयांची होती.